समीकरण जुळवा, पाणी बदलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीतला नातू परवा रासायनिक समीकरण जुळवायला वही घेऊन आला. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, उजवीकडे पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे अणू 2, उजवीकडे 1; दोन्हीकडे सारखे हवेत. पठ्ठ्याने पाण्याच्या सूत्रात ‘ओ’च्या पायाशी 2 लिहिले आणि ‘झालं आजी, संतुलित!’ म्हणून मोकळा. म्हटलं, ‘अरे, हे पाणी नव्हे, हायड्रोजन परॉक्साइड! पिशील का?’

क्लासची फी भरूनही हे त्याला कुणी सांगितले नव्हते. तिथे कोणते मूलद्रव्य आधी जुळवायचे त्याचा क्रम पाठ करून घेतात. क्रम चुकीचा नाही. पण सूत्रातला आकडा पदार्थ कोणता ते ठरवतो आणि सूत्राच्या पुढे लावलेला आकडा फक्त रेणू किती ते सांगतो, हे आधी नको का कळायला?

शेवटी हायड्रोजनच्या अणूंसाठी मंडईतले वाटाणे आणि ऑक्सिजनच्या अणूंसाठी डब्यातले शेंगदाणे ताटात मांडले. हायड्रोजनचे रेणू 2, ऑक्सिजनचा 1, पाण्याचे 2. दोन्ही बाजूंना वाटाणे 4, शेंगदाणे 2. अठराव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने तराजू वापरून असेच दाखवले होते: रासायनिक क्रियेच्या आधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेच राहते. मग लोखंड आणि ऑक्सिजनपासून फेरिक ऑक्साइड: लोखंडापुढे 4, ऑक्सिजनपुढे 3, फेरिक ऑक्साइडपुढे 2. हे त्याने स्वतः जुळवले. (मध्ये एकदा हिशेब चुकला, कारण शेंगदाणे खाल्ले होते.)

शाळांनी पहिले दोन तास तरी फळ्याऐवजी ताटावर घ्यावेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे