निळ्या खडकांवरून भांडण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘आयत्या खडकांना निळा रंग फासणाऱ्याला चित्रकार कसं म्हणायचं?’ हा तुझा सवाल अगदी तुझ्यासारखाच, फटकळ. पण मी मोरोक्कोतल्या ताफ्राउतचे ते रंगवलेले खडक डोळ्यांनी पाहून आलोय, त्यामुळे इतक्या सहज सोडणार नाही.

तू ज्याच्यावर चिडलास तो ज्याँ व्हेराम मूळचा बेल्जियमचा, जन्म १९३९चा. आधी त्यानं फ्रान्समधल्या सेव्हेन डोंगराळ भागात नदीच्या पात्रातले धोंडे रंगवले. मग १९८०-८१ मध्ये इजिप्तच्या सिनाईच्या वाळवंटात, सेंट कॅथरीनजवळच्या पठारावर. इजिप्त आणि इस्रायलमध्ये १९७९ साली शांतता करार झाला, त्याची खूण म्हणून ते काम. परवानगी खुद्द इजिप्तचे तेव्हाचे अध्यक्ष सादात यांची. ज्या भूमीसाठी लढाया झाल्या तिथे कुणाचाही झेंडा न लावता फक्त निळे दगड ठेवायचे, हे मला आजही धाडसाचं वाटतं. त्यानंतर १९८४ मध्ये मोरोक्कोत हे ताफ्राउतचं काम आणि १९८९ मध्ये चाडमधले तिबेस्तीचे डोंगर. गॅलरीत मावणारं काम या माणसाला बहुधा करायचंच नव्हतं!

ताफ्राउत अँटी-ॲटलास डोंगरात आहे. तिथला ग्रॅनाइट गुलाबी, संध्याकाळी तर पार नारिंगी होतो. त्यावर निळा! रंगचक्रातली विरुद्ध बाजू, हे तुला मी काय सांगायचं. सुमारे १८ टन रंग लागला आणि तो फवारायला अग्निशमन दलाचे लोक मदतीला होते. कुंचल्याचे फटकारे तिथे कुठून असणार? माझ्या मते खरी चित्रकारी मात्र रंग न लावलेल्या जागांत आहे. मोठाले खडक त्यानं मधे मधे कोरे सोडलेत, म्हणून निळा डोळ्यांत भरतो. सगळंच रंगवलं असतं तर मीही तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो. जांभळे-लाल तुकडेही आहेत, ते मला तितकेसे भावले नाहीत.

आता तुझा ‘आयता खडक’. तिथून जवळच ताझका गावाजवळ प्रागैतिहासिक काळात दगडावर कोरलेलं हरीण आहे. वाळवंटात खडकांवर लोह-मँगनीजची काळपट पुटं चढतात, तीही हजारो वर्षांत, केसाहूनही पातळ. असल्या खडकांवर जुने कारागीर काय करत? ती काळी साय टोचून काढत, खालचा उजळ दगड वर येई, तीच रेघ. म्हणजे त्यांनी दगडातून काढून घेतलं, व्हेरामनं दगडावर घातलं. काढलेलं पुन्हा भरून यायला युगं लागतात, घातलेलं मात्र ऊन काही वर्षांत उतरवतं. रंगातला चिकट पदार्थ उन्हानं मरतो, पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो, शिवाय ग्रॅनाइटचे कणही सुटत जातात. म्हणजे दगडाला जास्त कायमची इजा कुणी केली? गंमत म्हणजे, त्या हरणावर तू कधीच रागावणार नाहीस.

एका बाबतीत मात्र मी तुझ्याशी सहमत आहे. २०१० मध्ये ते खडक पुन्हा रंगवले गेले. फिका पडत चाललेला निळा गुलाबी दगडात विरत जाणं, हा त्या कामाचा उत्तम भाग असणार. नव्या रंगानं ते विरणं थांबवलं. पर्यटक यावेत म्हणून गावानं ते केलं असेल तर त्यांना दोष देववत नाही, पोटाचा प्रश्न आहे. तरी ताजा निळा जरा जाहिरातीच्या फलकासारखा अंगावर येतो. वर लोकांनी आपापली नावं लिहून ठेवलीत, ती वेगळीच.

तू उघड्यावरच्या भिंती रंगवतोस, म्हणून विचारतो: तुझं चित्र उन्हानं विटलं आणि दुसऱ्या कुणी प्रेमानं त्यावर हात फिरवला, तर ते तुझंच राहील का? वहिनींना नमस्कार सांग, आणि उत्तर फोनवर नको, पत्रानंच पाठव.

तुझाच,
भांडखोर मित्र