मधल्या रांगेतली आईची जागा

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

गाडीचा विषय निघाला की अण्णा, तुमचं एकच म्हणणं असतं: सात सीटचीच घ्या, घरचं माणूस मागं राहायला नको. दादानं सफारी जवळपास नक्की केलीय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मधल्या रांगेत सलग सीट घ्यायची की कॅप्टन सीट, म्हणजे दोन सुट्या खुर्च्या आणि मधून वाट, हे बुकिंगच्या आधीच ठरवावं लागतं. मी इथं पुण्यात दोन्ही प्रकारांत बसून आले, मागच्या रांगेतही शिरून पाहिलं. माझं मत सुट्या खुर्च्यांच्या, म्हणजे सहा सीटच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण आईचे गुडघे.

सलग सीटच्या गाडीत मागं जायचं तर मधल्या रांगेची कडेची सीट दुमडून पुढं लोटावी लागते. आई डावीकडं बसणार, कारण रस्त्याच्या कडेला उतरायचं तर डावंच दार बरं. म्हणजे येरमाळ्याला चहाला थांबलो आणि पोरांना खाली यायचं असलं की आधी आईनं उतरायचं. निघताना पोरं आत गेली की मग तिनं चढायचं. तिला ड्रायव्हरच्या मागं बसवावं तर उतरताना तिचा पाय भर वाहतुकीच्या बाजूला पडतो. सुट्या खुर्च्यांत पोरं मधल्या वाटेनं मागं जातात, आईला हलावं लागत नाही. शिवाय दोन्ही हातांनी जोर दिल्याशिवाय ती उठत नाही, हे तुम्ही रोज बघता. सलग सीटवर तिघं बसली की मधला हात टेकायचा भागही पाठीत जातो, मग ती धरणार कशाला?

आता अक्काआत्याचं. पुनवेला तुळजापूरला अक्का येणारच, आणि सातवी सीट तुम्ही तिच्यासाठीच धरलीय हे मला कळतं. पण ती बसणार कुठं, ते बघा. तिसरी रांग मागच्या चाकांवर येते, तिथं धक्के जास्त. सीट खाली असल्यामुळं गुडघे वर येतात. म्हाताऱ्या माणसाला तिथं बसवता येत नाही, ती जागा पोरांचीच. मग मधे आई, अक्का आणि वहिनी, तिघी खेटून. सहा सीटच्या गाडीत आई आणि अक्का दोघींना आपापली खुर्ची मिळते, पण वहिनीला जागा उरत नाही. हा तोटा खरा आहे, आणि वहिनीनं घरी थांबावं असं मी कधीच म्हणणार नाही. पुनवेला आम्ही पुण्याहून आमची गाडी घेऊन येऊ, वहिनी माझ्यासोबत बसेल. मला यायला जमलं नाही तर त्या दिवसापुरती दुसरी गाडी सांगू. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या जागेपायी आईनं लातूरच्या डॉक्टरांकडं जाताना दर वेळी अवघडून बसावं, हे मला पटत नाही.

आई, तुला मागं आडवं व्हायला आवडतं, ते सुट्या खुर्चीत होणार नाही. पण आडवं झालं की बेल्ट लागत नाही, आणि तू बिनबेल्टची झोपलेली असताना दादानं अचानक ब्रेक मारला तर काय होईल, या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो. खुर्चीची पाठ बरीच मागं जाते, बेल्ट लावूनही डोळा लागेल. अण्णा, मागच्यांना बेल्ट कशाला, असं म्हणू नका. कायद्यानं मागंही तो सक्तीचा आहे, २०१९ पासून दंड १,००० रुपये आहे. दंडाचं सोडा, जिवाचं बघा.

तिन्ही रांगा भरल्या की डिकीत एखाद-दुसरी बॅगच मावते, मग सीट सहा असोत की सात. तिसऱ्या रांगेची अर्धी सीट पाडली तर ज्वारीचं पोतं बसतं.

कॅप्टन सीट वरच्या मॉडेललाच मिळतात, त्यामुळं पैसे जास्त पडतात. तो फरक मी देणार आहे, यावर वाद नको.

या सगळ्यात आई, तू मात्र काहीच बोलली नाहीस. तुम्ही ठरवा, मी कुठंही बसते, असं म्हणू नकोस. रविवारी दादाबरोबर लातूरच्या शोरूमला जा. रोजचं नऊवारीच नेस. दोन्ही गाड्यांत स्वतः चढ, उतर, अर्धा तास नुसती बसून राहा. पायरी उंच वाटली तर खाली साइड स्टेप बसवून मिळते का, तेही विचार. अक्कालाही सोबत न्या, तिची जागा तिनंच बघावी.

संध्याकाळी फोन करते. त्या वेळी अण्णा, फोन आधी आईकडं द्या.

तुमची,
ताई