डोंगरातल्या जुन्या बंगल्यांत पायी येणाऱ्यालाही एक खाट मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की नागपूरकरांच्या गाड्या सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करीत पचमढीच्या घाटाला लागतात. ही ओढ जुनीच आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले आणि पुढे उन्हाळ्यात सरकारी कारभारच पचमढीला हलू लागला.

कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांनी १८६२ मध्ये तेथे बांधलेले बायसन लॉज आता संग्रहालय आहे, आणि वास्तूचे वय पाहता ते योग्यच झाले. माझे म्हणणे आहे ते आजही मुक्कामासाठी खुल्या असलेल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांविषयी. त्यांपैकी काही मध्य प्रदेश पर्यटन महामंडळ हेरिटेज हॉटेल म्हणून चालवते. उंच छताच्या खोल्या आणि रुंद व्हरांडे त्यामुळेच टिकले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मात्र पायी भटकणाऱ्याला अशा दारांत थारा मिळेलच असे नाही. गेल्या डिसेंबरात सातपुड्यातील एका जुन्या बंगल्यात (नाव मुद्दामच देत नाही) मी आणि माझा मित्र, दोघेही साठी ओलांडलेले, पाठीवर सॅक घेऊन पोहोचलो, तेव्हा पहिला प्रश्न आला तो "सोबत फॅमिली नाही?" असा. चौकीदाराने रदबदली केल्यावर खोली मिळाली. आतली फायरप्लेस विटांनी बुजवून तिच्यापुढे टीव्ही मांडला होता, आणि दवाने भिजलेले बूट व्हरांड्यात वाळत घालण्यासही मनाई झाली. न्याहारी साडेआठला! पचमढीच्या धूपगड शिखरावरचा सूर्योदय पाहायला निघणाऱ्याने तोवर काय करायचे?

अशा बंगल्यांच्या आवारातील वापरात नसलेल्या नोकरखोल्या दुरुस्त करून तेथे आठ-दहा खाटा, गरम पाणी, बूट वाळवायला एक कोपरा आणि पहाटे चहा-पोहे, एवढी सोय माफक दरात झाली, तर पर्यटकांच्या खोल्यांना धक्का न लावता गिर्यारोहकांचा प्रश्न सुटेल. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून "हर बोला" करीत पचमढीच्या डोंगरातील नागद्वार या तीर्थस्थानाच्या वाटा तुडवणाऱ्या भाविकांतील वृद्धांनाही तिचा उपयोग होईल.

१९५६ मध्ये पचमढी आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले, त्यामुळे ही मागणी आमच्या लोकप्रतिनिधींना आपली वाटत नसावी. निदान या खाटांची नोंदणी एकेका माणसाच्या नावे, कुटुंबाची अट न घालता व्हावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक ज्येष्ठ भटक्या, नागपूर