सीसी वाढवण्याआधी कॉम्प्रेशन मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुन्या मोटारींची ताकद वाढवण्याविषयी एक लेख आला होता. त्यात ‘इंजिन बोअर करून सीसी वाढवून घेणे’ (म्हणजे सिलिंडर आतून कापून रुंद करणे आणि त्यांची घनक्षमता वाढवणे) हा उपाय एका ओळीत, जणू टायरमध्ये हवा भरून घ्यावी इतक्या सहजपणे, सुचवला होता. साताऱ्यात तीस वर्षांहून अधिक काळ मी बोअरिंग, होनिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची कामे केली. आता वर्कशॉप बंद करून घरी बसलो असलो, तरी तो लेख वाचून दोन तरुण माझा पत्ता शोधत आले आणि तिसरा तर माझा भाचाच निघाला. “मामा, हिचं पंधराशे करता येईल का?” असे विचारत त्याने आपली वीस वर्षांची मारुती एस्टीम दारात आणून उभी केली. त्याला जे सांगितले, तेच आपल्या वाचकांपुढेही मांडावे, असे वाटते.

आपल्या भागात हा प्रश्न का उठतो, हे मी जाणतो. यवतेश्वरचा घाट, पसरणीचा घाट किंवा कराडकडून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट रोज नसला तरी वरचेवर चढावा लागणाऱ्या माणसाला गाडी कुठे दमते, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. शिवाय महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक अष्टमांशाने विरळ असते. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेले इंजिन प्रत्येक श्वासाबरोबर तेवढी कमी हवा घेते आणि त्याच प्रमाणात त्याची ताकद घटते. तेराशे सीसीच्या इंजिनाची ही तूट भरून काढायची म्हटली, तर ते साधारण पावणेपंधराशे सीसीचे करावे लागेल. म्हणजे भाच्याच्या मनात आलेला पंधराशेचा आकडा अगदीच हवेतला नव्हता. प्रश्न तिथवर पोहोचायचे कसे, हा आहे.

एस्टीमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७५.५ मिमी असून चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी होतात. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, तर हा आकडा १३१६ होतो आणि पुरता एक मिलिमीटर वाढवला, तर १३३४ होतो. म्हणजे वाढ अनुक्रमे दीड टक्क्याहून कमी आणि पावणेतीन टक्के. चालवणाऱ्याला पायाखाली ती जाणवणार नाही. आदल्या रात्री गाडी धुतली असेल, तर त्याचाच परिणाम जास्त वाटेल. केवळ बोअर वाढवून पंधराशे सीसी गाठायचे झाल्यास बोअर साडेएकोणऐंशी मिलिमीटरचा करावा लागेल आणि तेवढे कापल्यावर सिलिंडरची भिंत जवळजवळ उरणारच नाही. मग राहतो स्ट्रोक. बोअर तसाच ठेवून तो ८७ मिमीच्या वर न्यायचा, तर वेगळी क्रँकशाफ्ट हवी, वेगळ्या उंचीचे पिस्टन हवेत आणि ब्लॉकमध्ये त्यांच्यासाठी जागाही हवी. निर्मात्याने याच कुटुंबातले १५९० सीसीचे इंजिन केले तेव्हा बोअर एका मिलिमीटरनेच वाढवला, स्ट्रोक मात्र ९० मिमी घेतला आणि त्यासाठी ब्लॉक उंच ओतला. लांब स्ट्रोकचीही किंमत मोजावी लागते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ७५.५ मिमी स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटरच्या आसपास असतो, ९० मिमीचा स्ट्रोक असेल तर तोच १८ मीटर होतो. तो ताण शेवटी कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगांवर येतो.

बोअर किती वाढवता येईल, हे ब्लॉकच्या भिंतीवर ठरते आणि ती भिंत बाहेरून दिसत नाही. ओतकामाच्या वेळी साच्यातला गाभा किंचित सरकला असेल, तर तीच भिंत एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला पातळ निघते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नव्वदच्या सुमारास एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर मी त्याच्या पद्मिनीचा ६८ मिमीचा बोअर थेट ७० मिमी केला. १०८९ सीसीचे ११५४ झाले आणि आम्ही दोघेही खूश होतो. उन्हाळ्यात खंबाटकीच्या चढाला गाडी तापली, तिसऱ्या सिलिंडरची भिंत पाण्याच्या बाजूने तडकली आणि डिपस्टिकवर पाणी मिसळलेले ऑइल दुधासारखे पांढरे दिसू लागले. त्या ब्लॉकला चारही लायनर (सिलिंडरमध्ये बसवायच्या नळ्या) ठोकून बोअर पुन्हा मूळ मापावर आणण्याचा खर्च मी केला. भिंतीची जाडी ध्वनिलहरींनी मोजणारे उपकरण आज मिळते. ते न लावता दोन मिलिमीटर कापायला जो तयार होतो, त्याच्याकडे ब्लॉक देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळचा मीही याला अपवाद नाही.

अधिक मोठे इंजिन म्हणजे त्याच प्रमाणात अधिक ताकद, हा समजही तपासून घेतला पाहिजे. हेड तेच, व्हॉल्व्ह तेच आणि इनटेकच्या वाटाही त्याच राहिल्या, तर वाढलेल्या सीसीचा फायदा मुख्यतः खालच्या फेऱ्यांवर, टॉर्कच्या म्हणजे ओढण्याच्या जोराच्या रूपाने मिळतो. वरच्या फेऱ्यांवर इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही आणि कमाल ताकद थोडी आधीच येऊन थांबते. घाटात खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्कच कामाला येतो, त्यामुळे हा फायदा खोटा नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. पण तो दीड टक्क्याने मिळत नाही. याची उलट बाजूही वाचकांच्या परिचयाची आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना २००६ पासून करात सवलत मिळू लागली आणि २०१० मध्ये स्विफ्टचे १२९८ सीसीचे इंजिन जाऊन त्या जागी ११९७ सीसीचे इंजिन आले. शंभर सीसी कमी झाले, तरी अश्वशक्तीत जेमतेम दोनाचा फरक पडला आणि टॉर्क ११३ न्यूटन-मीटरच्या आसपासच राहिला. बोअर-स्ट्रोकपेक्षा हेड, हवेची वाट आणि इंधनाचे नियंत्रण यांचा वाटा किती मोठा असतो, हे यावरून कळते. ‘कंपनीने इंजिन मुद्दाम दाबून ठेवले आहे’ असे म्हणणाऱ्या तरुणांचे करापुरते खरे आहे, पण ते दडपलेले सामर्थ्य बोअरिंग मशीनखाली सापडत नाही.

पुढचा मुद्दा इंधनाचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट बदलून काम भागत असे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र सामान्य वेगाने चालताना ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे संगणक मिश्रण दुरुस्त करून घेतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर तो मूळ इंजिनासाठी आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. सीसी वाढवून मॅप, म्हणजे हे आकडे, तेच ठेवले, तर नेमक्या चढावर मिश्रण कोरडे पडते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाणही, थोडे वाढलेले असते, इंजिन खणखणू लागते आणि पिस्टनचे डोके वितळेपर्यंत मालकाला काही कळत नाही. त्यापुढे क्लच, रेडिएटर आणि ब्रेक आहेतच. चढ वेगाने चढलेल्या गाडीला पसरणीचा उतार मूळच्याच ब्रेकांवर उतरायचा असतो.

याबाबत एक जुने उदाहरण मला फार बोलके वाटते. आपल्याकडे अनेक वर्षे चाललेल्या ॲम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे इंजिन मूळ ब्रिटिश बी-मालिकेतले होते. ब्रिटनमध्ये तीच मालिका १६२२ सीसीवरून १९६२ मध्ये १७९८ सीसीपर्यंत नेली, तेव्हा सिलिंडरांमधली पाण्याची जागा सोडून देऊन ते एकमेकांना जोडून ओतावे लागले आणि दोनच वर्षांत क्रँकची मेन बेअरिंगे तीनची पाच करावी लागली. इकडे ॲम्बॅसॅडरला पुढे १८१७ सीसीचे इंजिन मिळाले, ते जुना ब्लॉक कापून नव्हे. इसुझूचे वेगळे इंजिन आणि सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून. ज्यांच्याकडे ओतशाळा, चाचणीची साधने आणि अभियंते होते, त्यांनीही सीसी वाढवताना एवढे बदल केले.

कायद्याची बाजू मी थोडक्यात सांगतो, कारण ती स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. इंजिनाची घनक्षमता हा त्या तपशिलाचाच भाग आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ताही १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० आणि त्यावर अशा टप्प्यांनी ठरतो. कागदावर तेराशे आणि बॉनेटखाली सोळाशे असलेल्या गाडीचा अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी कोणता प्रश्न आधी विचारील, हे सांगायला नको.

आता भाच्याच्या एस्टीमकडे येतो. सीसीची चर्चा करण्याआधी मी त्याला गाडी गरम करून आणायला सांगितली. चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला लावला आणि सेल्फ मारून एकेका सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर जवळपास सारखे होते. तिसरा मात्र बराच खाली होता. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर काटा वर गेला, म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजलेले होते. त्या सिलिंडरकडून मिळणारे काम अनेक वर्षे गळत होते आणि भाचा ते मोठ्या सीसीतून परत मिळवू पाहत होता. माझ्याकडे ‘ताकद वाढवा’ म्हणून आलेल्या बहुतेक गाड्यांची हीच कथा असे: ताकद अपुरी नव्हती, हरवलेली होती. कुठे एअर फिल्टर बुजलेला, कुठे क्लच सरकणारा, कुठे ब्रेक चाकाला धरून बसलेला, तर कुठे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलेला असे.

आणि कुठे मालकाने हौसेने मोठी चाके घातलेली असत, हा तर वेगळ्याच पत्राचा विषय आहे. तरी एक हिशेब देतो. १७५/६५ आर १४ या मापाच्या जागी १८५/६५ आर १५ बसवले, तर चाकाचा व्यास सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक गिअरमधली ओढ जवळपास तेवढीच घटते. मी त्या पद्मिनीचा ब्लॉक धोक्यात घालून सहा टक्के मिळवले होते; चाके बदलून तेवढे एका दुपारी गमावता येतात. म्हणजे चढासाठी गाडी हलकी चालायला हवी असेल, तर मूळ मापाच्या चाकांवर परत येणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तरीही खरोखर अधिक ताकद हवी असेल, तर मोठ्या किंवा टर्बो इंजिनाचीच गाडी घ्यावी, असे मी म्हणेन. आज एक लिटरच्या टर्बो इंजिनातून १०० ते १२० अश्वशक्ती मिळते आणि विरळ हवेत ती फारशी घटत नाही.

इंजिन झिजल्यामुळे उघडावेच लागणार असेल, तर ओव्हरसाइझ पिस्टनच्या मापात बोअर करणे ही दुरुस्ती आहे आणि ती जरूर करावी. मात्र ताकदीसाठी नव्हे, आयुष्यासाठी. अशा वेळी वर्कशॉपने बिलावर चारही सिलिंडरचे बोअरआधीचे आणि नंतरचे माप, पिस्टन व भिंतीमधला गाळा (फट) आणि रिंगेचा गॅप लिहून द्यावा, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत साताऱ्यातील सर्व बोअरिंगवाल्यांना विनंती आहे. मायक्रोमीटर आणि बोअर गेज प्रत्येकाकडे असतेच. आकडे लिहिण्याला फार तर पाच मिनिटे लागतील, आणि पुढच्या वेळी ब्लॉकमध्ये किती जीव उरला आहे, हे अंदाजावर सोडावे लागणार नाही.

भाच्याच्या गाडीचा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवून नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे बसवली, व्हॉल्व्ह घासले आणि चाके मूळ मापाची केली. यवतेश्वरच्या ज्या वळणावर ती पूर्वी पहिल्या गिअरला येत असे, ते वळण आता ती दुसऱ्यात काढते. मित्रांना मात्र तो अजूनही १३१६ सीसीचे इंजिन असल्याचे सांगतो.

आपला,
एक निवृत्त बोअरिंग कारागीर, सातारा