दिनूच्या फाइलीत तुमचा रकाना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर आईला विचारलं, कशी आहेस, तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय? दिनूचं हिमोग्लोबिन साडेनऊ आलंय." विचारलं तिचं, कळलं भावाचं. आपल्या घरात हे इतकी वर्षं चाललंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. फोनवर तुम्ही दोघं विषय बदलता, म्हणून पत्रच लिहितेय.

बाबा, दिनूची फाइल डोळ्यांपुढे आणा. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वजन, रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन, पिशव्या किती, फेरिटिन म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचा अंदाज. पिशवीचा नंबरसुद्धा तुम्ही उतरवून घेता. सतत रक्त चढवावं लागणाऱ्या या थॅलेसेमियाची इतकी नेटकी नोंद मी आमच्या वॉर्डातही पाहिलेली नाही. पण त्या फाइलीत आईचं बीपी एकदाही नाही, तुमची शुगर नाही. सेलूहून परभणीला गाडीनं तिघं जाता आणि लिहिलं जातं ते एकाचंच.

तुम्ही म्हणाल, आम्ही हिंडतो-फिरतो, खातो-पितो, मोजायचं काय? बाबा, फेरिटिनची गोष्ट तुम्हीच मला समजावून सांगितली होती. रक्त चढलं की पोरगं लालबुंद दिसतं, खेळायला पळतं, पण प्रत्येक पिशवीतलं लोह आत हृदयात, लिव्हरमध्ये साठत जातं; ते चेहऱ्यावर दिसत नाही, तपासावंच लागतं. तुमचंही तसंच काही साठलंय का, एवढंच मला बघायचंय.

आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचं मोजमाप करायला प्रश्नावल्या आहेत, मी तीन चाळल्या. झारिट नावाची एक, मूळ 1980 सालची. आता वापरतात तिच्यात 22 प्रश्न, जास्तीत जास्त 88 गुण. ती मुळात स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांसाठी होती, आता सगळीकडे वापरतात. त्यात एक प्रश्न असा आहे की ही जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवावीशी वाटते का. बाबा, तुम्ही तो वाचून कागद फाडाल, म्हणून पाठवली नाही. दुसरी, पेड्सक्यूएलची, खास आजारी लेकरांच्या आई-वडिलांसाठी, 36 प्रश्नांची. थकवा, काळजी, घरातली भांडणं, डॉक्टरांशी बोलताना होणारी अडचण, सगळं विचारते. चांगली आहे, पण आई दहाव्या प्रश्नाला उठून कुकर लावायला जाईल.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची पाठवतेय. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होतं का, शांत-निवांत वाटलं का, अंगात हुरूप होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, मन रमेल असं रोजच्या दिवसात काही होतं का. कधीच नाही तर 0, सतत तर 5. बेरीज करून 4 नं गुणायची, म्हणजे शंभरपैकी आकडा येतो. पन्नासच्या खाली आला म्हणजे आजार ठरला असं नाही. मात्र डॉक्टरांशी बोलायला हवं.

दोघांनी वेगवेगळं भरायचं. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवायचं नाही, आणि "हिला पाच लिही" तर मुळीच नाही. आमच्या वॉर्डात एक बाई नवरा शेजारी उभा असताना पटापट पाच-पाच सांगत सुटली. तो औषधं आणायला खाली गेला, तेव्हा तिनं कागद परत मागितला आणि झोपेच्या प्रश्नापुढचा पाच खोडून एक केला. बाकीचे खोडेपर्यंत तो वर आला. आई, चष्मा लावून तूच वाच.

आणि दोनदा भरा. रक्त चढवायच्या आदल्या दिवशी, जेव्हा दिनू पांढराफटक पडून चिडचिड करतो आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हा एकदा. चढवून आठवडा झाला की पुन्हा. प्रश्न दोन आठवड्यांचे असले तरी माणूस आजच्या मनानं उत्तर देतं, असा माझा अनुभव आहे. एकाच दिवसाच्या कागदावर माझा भरवसा बसणार नाही.

या पाच प्रश्नांत सगळं येतं असं मी म्हणत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, रक्ताची पिशवी मिळत नाही आणि बाबा भर उन्हात ओट्यावर बसून एकेका ओळखीच्याला फोन लावतात. हे कुठल्या प्रश्नावलीत बसवायचं? ते फाइलीच्या शेवटच्या पानावर तुमच्या अक्षरात लिहा. मला वाचायचंय.

अंगाचं मोजमाप तर अगदी सोपं आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आशाताई भरून घेतात. त्यात बीपी-शुगरच्या धोक्याच्या प्रश्नांसोबत मन उदास राहतं का, कशात रस वाटत नाही का, हेही आहे. आई दर वेळी त्यांना चहा पाजून परत पाठवते. या वेळी चहा पाजून फॉर्मही भरून घे. आणि रात्री मन फारच सैरभैर झालं तर 14416 वर फोन लावा. टेली-मानसचा आहे, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

शेवटचं, दिनूशी बोलून लिहितेय. तो तेवीस वर्षांचा झालाय. तो म्हणतो, एकाआड एक खेप मी मित्राबरोबर जातो, आईनं स्टुलावर चार-चार तास उपाशी बसायची गरज नाही. आई, तुला हे लागेल, मला माहीत आहे. पण तूच त्याला लोह कमी करायची गोळी पाण्यात विरघळवून उपाशीपोटी घ्यायला शिकवलंस, आता तो तारखा स्वतः पाळतो. पुढच्या खेपेला त्याला जाऊ द्या. त्या दिवशी तुम्ही दोघं ग्रामीण रुग्णालयात जाऊन बीपी, शुगर आणि आईचं हिमोग्लोबिन तपासून या. बाबा, सकाळची शुगरची गोळी त्या दिवशी तरी चुकवू नका, परभणीच्या दिवशी हमखास चुकते.

कागदांचे फोटो दिनू पाठवील. बेरीज मी करीन, तुम्ही करू नका, नाहीतर आई आकडा वाढवील.

तुमची,
सुमी

ता. क. आंबाडीची भाजी वाळवून ठेवली असशील तर दिनूच्या मित्राजवळ दे, तो पुण्याला येणार आहे.