कातरवेळेचे विशेषण

महोदय,

पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्या प्राण्यांना मराठी लेखांत अनेकदा सरसकट ‘निशाचर’ म्हटलेले दिसते. सशाला ते लावलेले वाचले की खटकते. इंग्रजीत यासाठी ‘क्रेपस्क्युलर’ असे वेगळे विशेषण आहे. फारसे वापरात नसलेले, उच्चारायला खडबडीत, पण अर्थाने अगदी नेमके.

त्याचे मूळ लॅटिन ‘क्रेपुस्कुलुम’, म्हणजे संधिप्रकाश. त्यामागचा ‘क्रेपेर’ हा शब्द मला अधिक सुंदर वाटतो: अंधूक, आणि म्हणूनच अनिश्चित, संशयाचा. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन विद्वान व्हॅरो यानेही संधिप्रकाशाचा संबंध याच संशयाशी जोडला आहे. दिवस म्हणावा की रात्र, हे ठरत नाही ती वेळ! ‘कातरवेळ’ म्हणताना आपणही नुसता उजेड ओसरल्याचे सांगत नसतो, मनाची हुरहुर त्यात असतेच.

इंग्रजीतलेच ‘व्हेस्परटाइन’ हे दुसरे विशेषण मात्र लॅटिन ‘व्हेस्पर’ म्हणजे सायंकाळ यावरून आले. त्यात पहाट येत नाही.

मराठीत ‘संधिचर’ हा शब्द सहज रुळू शकेल. वन्यजीवांवर लिहिणाऱ्यांनी आणि आपल्या संपादकीय विभागाने तो वापरून पाहावा, ही मनापासून विनंती.

– एक वाचक