पेरणीची घाई आणि पांडुरंगाचा भरवसा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग लागला की मराठवाड्यात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘टाकले बी पांडुरंगाच्या भरवशावर.’ वळवाची एखादी सर पडून गेलेली असते, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शिवारात उतरलेला असतो, आणि बघता बघता कोरड्या रानात सोयाबीन पडते. माळ घातलेल्या माणसाने पांडुरंगावर भरवसा जरूर ठेवावा. पण या पेरणीत भरवसा कमी आणि शेजाऱ्याच्या पुढे राहण्याची धडपड जास्त असते. ज्याचा खरोखर भरवसा आहे, त्याला आठ दिवस थांबायला काय हरकत?

किती थांबायचे, याला माप आहे. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सोयाबीनचे बी उगवायला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मे पाणी शोषून घेते. पहिल्या २०-२५ मिलिमीटरने काळ्या रानाचा फक्त वरचा थर भिजतो. खाली माती उन्हाळ्याची तापलेली असते आणि बरेच पाणी भेगांतच मुरते. बी फुगते, कोंब डोके काढू पाहतो, तेवढ्यात दोन दिवस कडक ऊन पडले की ओल उडते आणि फुगलेले बी जागीच मरते. ते पुन्हा जिवंत होत नाही. दुबार पेरणीची अर्धी कहाणी इथेच घडते. उरलेली अर्धी खोल पेरण्यामुळे: ओल शोधत बी पाच सेंटिमीटरच्या खाली गेले की वर येईपर्यंत त्याचा जीव संपतो. तीन ते चार सेंटिमीटर पुरे.

पाऊस मोजायला यंत्र लागत नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून लांब, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी आतल्या पाण्यात पट्टी उभी धरावी. पट्टीवर दिसतील तितके मिलिमीटर. मग खुरप्याने चार ठिकाणी वीतभर उकरून तळाची माती मुठीत दाबावी. गोळाच होत नसेल तर रान कोरडे. बोटांना चिकटत असेल तर अजून ओले. गोळा होऊन, खाली टाकताच फुटला, तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला.

थांबण्याचे दिवस रिकामे नसतात. घरच्या बियाण्यातले सरसकट, न निवडलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे, रोज पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांनी धड कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० उगवले तर एकरी ३० किलो बी, ६० उगवले तर ३५ किलो. त्याहून कमी असेल तर बी बदलावे. सोयाबीनचे साल पातळ असते, पोती आपटली तरी उगवण घटते. बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळताना, बुरशीनाशक आधी, जिवाणू संवर्धक (उपयोगी जिवाणूंचे खत) नंतर. क्रम उलटला तर जिवाणू मरतात आणि पैसे वाया जातात. एवढे न करता ‘देव बघून घेईल’ म्हणणे म्हणजे असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.

‘वारीला निघायच्या आत पेरणी उरकली पाहिजे’ हाही एक हट्ट. एकादशी तिथीने येते, पाऊस तिथी पाळत नाही. २०२३ मध्ये आषाढी २९ जूनला होती आणि मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला २५ जूनला, म्हणजे पालख्या पंढरीच्या जवळ आल्यावर. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत आला आणि पुढे जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. लवकर आला म्हणून पेरले त्यांची गत वेगळी सांगायला नको.

अर्थात थांबण्यालाही शेवट आहे. मूग-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरते, सोयाबीनची जुलैच्या मध्यावर. त्यानंतर हट्ट सोडून तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळावे.

आता आपल्याकडे मागणे. जूनमध्ये ‘बळीराजा चिंतेत’ या मथळ्याने घाई वाढते. त्याऐवजी जिल्हा पानावर महसूल मंडळनिहाय पावसाचा तक्ता रोज छापावा. त्यात कालचा पाऊस आणि १ जूनपासूनची बेरीज असतेच, पण मागच्या सात दिवसांची बेरीज वेगळ्या रकान्यात हवी. मधे दहा दिवस ऊन पडले असेल तर महिन्याची बेरीज शंभरावर दिसूनही रान कोरडेच असते, आणि तो आकडा वाचूनच लोक तिफण जुंपतात.

– एक वाचक, औसा (जि. लातूर)